डाव्या हाताची सही

९ सप्टेंबर, रविवार

आणि वर बाप फोनवर मलाच विचारतो, "मग? चार वर्षांपूर्वीपेक्षा बरं चाललंय का तुझं?" दर रविवारी हेच! घरी ओहायोत फुटबॉलची मॅच संपते, आपली टीम हरते, आणि हरल्याचा राग माझ्यावर निघतो. "माझं विचारशील तर हो," म्हणे. "चौदा महिने मी सोफ्यावर पडून छत बघत होतो. अध्यक्षांनी कारखाने वाचवले म्हणून आज पुन्हा मोटारींची दारं ठोकतोय. आणि तू तिथे त्या तेलवाल्यांत बसून अध्यक्षांनाच शिव्या घालतोस!"

मी कुठे शिव्या घालतो? मी एवढंच म्हणतो की चार वर्षांपूर्वी मी सुपरमार्केटच्या आवारात ढकलगाड्या गोळा करत होतो. तासाला सात डॉलर. आज नॉर्थ डकोटात आहे आणि महिन्याला पंधराशे डॉलर घरी पाठवतो. घर गरम करायची नवी भट्टी बसली, ती कुणी बसवली? अध्यक्षांनी? मी! फोनवर मोठ्याने म्हणालो, "बाबा, हे मी माझ्या दोन हातांनी केलंय."

म्हणालो आणि हाताकडे लक्ष गेलं.

इथे खोटं लिहून उपयोग नाही, म्हणून लिहितो. उजव्या हाताची तीन बोटं अकरा जुलैला गेली. तेलविहीर खणायच्या रिगवर पाईप आवळताना साखळी ताणली गेली आणि माझा हात मधे. घाई माझीच होती, दुसऱ्या कुणाची नाही. अंगठा आहे, करंगळी आहे. मधली तिन्ही गेली. घरी माहीत नाही.

का सांगितलं नाही? कारण निघताना म्हातारा दारात उभा राहून म्हणाला होता, "जा. पण त्या कामावरून माणूस पुरा परत येत नाही." आता त्याला बरोबर ठरवू? मेलो तरी नाही.

१२ सप्टेंबर

हॉस्पिटलातली व्यायाम घेणारी बाई म्हणाली होती, रोज एक पान डाव्या हाताने लिही, काहीही लिही. म्हणून ही वही. अकरावीत शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं लिहिण्याचं संपलं एकदाचं! आता चोवीस वर्षांचा घोडा पुन्हा अक्षरं गिरवतोय. पहिली आठ पानं कोंबडी नाचल्यासारखी. हे पान वाचता येतं. मला तरी येतं.

१६ सप्टेंबर, रविवार

रिगवर आता घेत नाहीत. पाईपच्या आवाराच्या फाटकावर बसवलंय. ट्रक आला की नंबर लिहायचा, गेला की लिहायचा. पगार निम्म्याहून कमी. रिगवाल्यांना कामगारांच्या कॅम्पात खोली फुकट, फाटकवाल्याला भाडं. तरी पंधराशे जातातच! त्यासाठी ऑगस्टात माझा ट्रक विकला. लाल होता, आठ सिलिंडरचा, स्वतःच्या पैशाने घेतलेली माझी पहिली गोष्ट. घरी सांगितलंय गॅरेजमध्ये आहे. दीड महिना झाला गॅरेजमध्ये आहे!

खोलीत रेमी असतो. लुइझियानाचा. गाठोडं उघडलं की तिखट सॉसेजचा वास. तो अजून रिगवर आहे, आणि अध्यक्षांचं नाव काढलं की तोंड सुरू.

"तो पुन्हा आला ना, टोबी, तर तेलाचा नळच बंद करेल. मग खा गवत."

मी म्हणालो, "गेली चार वर्षं तोच आहे. नळ कुठे बंद झाला? तू तर नवी बोट घेतलीस."

"ती त्याच्यामुळे नाही घेतली. त्याच्या नाकावर टिच्चून घेतली!"

इकडे बापाला सांगायचं की अध्यक्षांनी काही केलं नाही, तिकडे रेमीला सांगायचं की इतकं वाईटही केलं नाही. दोघांना वाटतं मी समोरच्या पार्टीचा आहे.

२३ सप्टेंबर, रविवार

आज आई फोनवर आली. भट्टी सुरू केली म्हणे पहिल्यांदा. "बटण दाबलं आणि भस्सकन गरम हवा! तुझे बाबा त्या जाळीवर पाय ठेवून बसलेत मांजरासारखे." मागून म्हातारा ओरडला, "फार गरम आहे म्हणावं!" म्हणजे आवडली.

लय भारी वाटलं! चौदाशे मैलांवरून मी बापाचे पाय शेकतोय.

रात्रीचं जेवण: टोस्ट, पीनट बटर. काल पण. पंधराशे गेल्यावर एवढंच बसतं.

३० सप्टेंबर

तीच मॅच, तीच हार, तोच प्रश्न. मीही तेच उत्तर दिलं. मग बाबा म्हणाले, "ट्रक मिळाला का गॅरेजमधून?"

"पार्ट यायचाय."

"कुठला पार्ट?"

माणसाने चाळीस वर्षं मोटारींत घालवलीत! मी तोंडाला येईल ते नाव सांगितलं. ते म्हणाले, "हं." त्या "हं"चं काय करायचं?

४ ऑक्टोबर, गुरुवार

मतपत्रिका आली टपालाने. जाड पाकीट. घरची कौंटी, तिथल्या जिल्हा कचेरीचा शिक्का. अठराव्या वर्षी जत्रेत मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं. आई माझ्या डोक्यावर उभी होती — "नीट सही कर, ही आयुष्यभर राहणार तिथे" — आणि मी मुद्दाम आडनावाच्या 'एच'ला हा एवढा मोठा फाटा काढला होता, गुलेलीसारखा. आईने डोक्यात टपली मारली होती. तिला या सगळ्याचं फार. दर निवडणुकीला चर्चच्या हॉलमध्ये दिवसभर उभी असते, मत दिलेल्यांना स्टिकर वाटत. स्वतःचा स्टिकर आठवडाभर कोटावर.

६ ऑक्टोबर, शनिवार

फाटकावरच्या केबिनमध्ये बसून मत दिलं. बाहेर पाईपचे ट्रक, वाऱ्याने केबिन हलतेय. डाव्या हाताने गोल काळे केले, एकही रेघेबाहेर गेला नाही. वरच्या, अध्यक्षपदाच्या गोलापाशी बराच वेळ पेन धरून बसलो. बरं चाललंय का माझं? ढकलगाड्यांपेक्षा? हो. जूनपेक्षा? नाही. मग यातलं अध्यक्षांचं किती, माझं किती, त्या साखळीचं किती? हे कुणाच्या खात्यात टाकायचं ते त्या कागदावर विचारलेलं नाही. फक्त गोल आहे. काळा करा.

केला. कुणाला दिलं ते या वहीलाही सांगणार नाही. तेवढं माझं.

मग पाकिटावर सही. आधी मागच्या तीन पानांवर सराव केला — बघ, भरून ठेवलीत. फाटा जमत नाही डाव्याने, म्हणून साधा एच. सरळ, जरा डावीकडे झुकलेला. टोबी ह्रुस्का. सुबक! खोटं वाटेल, पण उजव्यापेक्षा चांगली आली. छाती फुगली. ट्रकवाल्याने तीनदा भोंगा वाजवला तेव्हा भानावर आलो. टपालात टाकली.

७ ऑक्टोबर, रविवार

"दिलंस का?"

"दिलं."

"कुणाला?"

"बाबा, पाकीट बंद असतं ते कशासाठी?"

हसले! खरंच हसले. म्हणाले, "आईवर गेलायस."

१४ ऑक्टोबर, रविवार

बाप रे.

आई फोनवर आली ती खुशीत. म्हणे, यंदा स्टिकरवरून बढती! कौंटीच्या ऑफिसात तीन आठवड्यांचं काम लागलंय. टपालाने आलेली पाकिटं उघडण्याआधी बाहेरची सही नोंदवहीतल्या जुन्या सहीशी जुळवून बघायची. टेबलावर दोघी — एक अध्यक्षांच्या पक्षाची, एक समोरच्या. आई आणि पॉलेट नावाची कुणी. "दोघींचं एकमत झालं तर पाकीट पुढे, नाहीतर बाजूला. टोबी, लोक काय एकेक सह्या करतात रे! डॉक्टर तर नुसती रेघ ओढतात."

मी म्हणालो, "वा."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं! मला वाटलं सही म्हणजे सही. मी केली ना, मग माझीच. ती कुणी जुन्या सहीशेजारी ठेवून बघेल — आणि ती माझी आईच असेल —

आमची कौंटी केवढीशी. आठ हजार पाकिटं असतील. सहा टेबलं. देवा, दुसऱ्या टेबलावर जाऊ दे.

१६ ऑक्टोबर

काही नाही. रेमीला सांगितलं. तो म्हणाला, "मग सांगून टाक घरी, गाढवा. बोटं गेलीत, तुरुंगात नाही गेलास."

"तुला माझा बाप माहीत नाही."

"मला एकच माहितीय. तू रोज टोस्ट खातोस आणि सगळे पैसे तिकडे पाठवतोस, फक्त वादात जिंकायला." सॉसेज माझ्या ताटात टाकलं. खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी बारा वाजता फोन. आई कामाच्या वेळी कधी करत नाही.

"टोबी! तुझं मत कुणीतरी चोरलंय!"

धापा टाकत होती. ऑफिसच्या मागच्या जिन्यातून बोलत होती बहुतेक, आवाज घुमत होता. आज तिच्या टेबलावर माझं पाकीट आलं. पाकिटावर नाव माझं, पत्ता माझा, जन्मतारीख माझी आणि सही भलत्याच कुणाची. ती पॉलेट म्हणाली, जोन, अगं तुझाच मुलगा ना, जाऊ दे पुढे, मी हरकत घेत नाही. आई म्हणाली नाही. म्हणाली, "हा माझ्या पोराचा हात नाही." बाजूला काढून ठेवलं.

"मी सांगायला नको खरं तर, नियमाने तुला पत्रच यायला हवं, ते येईलच. पण कॅम्पात कोण कोण असतं तुमच्या? कुणी उघडलं तुझं टपाल?"

मी म्हणालो, "आई, सही माझीच आहे."

"उगाच कुणाला पाठीशी घालू नकोस. तुझा एच मला ठाऊक नाही? या सहीत फाटाच नाही. आणि सगळी डावीकडे झुकलेली, जशी काही —"



केबिनबाहेर ट्रक येऊन उभा राहिला होता.

मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "टोबी. हात दाखव."

चौदाशे मैलांवरून, फोनवर! लहानपणी जेवायला बसताना म्हणायची तशी. आणि मीही मूर्ख, खरंच हात वर धरला त्या रिकाम्या केबिनमध्ये.

सांगितलं सगळं. जुलै, साखळी, फाटक, पगार. ट्रकचंसुद्धा. शेवटी म्हणाली, "तरी मी ते पाकीट पुढे पाठवणार नाही. पत्र येईल, त्यातला फॉर्म भर, नवी सही दे. मग मोजतील." आणि मग, "मला जाऊ दे, पॉलेट वाट बघतेय." फोन ठेवल्याचा आवाज आला नाही कितीतरी वेळ.

आधी राग आला. स्वतःच्या मुलाचं मत बाजूला काढलं! दुसरी पार्टी सोडायला तयार होती, आणि सख्खी आई नाही म्हणते! संध्याकाळपर्यंत तो राग कुठे गेला कळलं नाही. आठ हजार पाकिटं आहेत तिथे. ज्या माणसाला वाटतंय की आपलं मत कुणी खाईल, त्याने येऊन माझ्या आईला विचारावं!

२१ ऑक्टोबर, रविवार

मॅच चार वाजता संपली. फोन वाजला सहाला. दोन तास म्हातारा काय करत होता देव जाणे.

मी तयार होतो. "सांगितलं होतं ना" म्हणतील. माझंही उत्तर तयार होतं, ओरडण्यासाठी घसा साफ केला होता.

"कुठली बोटं?" बाबा म्हणाले.

"काय?"

"कुठली बोटं गेली, विचारतोय."

"अंगठा आणि करंगळी सोडून."

"पार मुळापासून?"

"मधल्याचं थोडं राहिलंय. एक पेर."

"मग पकड येईल. अंगठा आहे आणि पेर आहे, म्हणजे पाना धरता येईल. थंडीत दुखतं का?"

"दुखतं."

"दुखणार. दोन हिवाळे दुखेल, मग नाही." मग विचारलं, "हातमोज्याच्या रिकाम्या बोटांचं काय करतोस? दुमडतोस?"

"दुमडतो."

"लेका, दुमडायची नाहीत! लोंबतात, यंत्रात ओढली जातात, उरलेला हातही नेतात. कापून शिवायची असतात. तुझ्या हाताचं माप आहे माझ्याकडे, आठव्या वर्षापासून माझाच मोजा चोरून घालतोयस."

बाबांच्या तर्जनीचं टोक नाही. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेलं, मी तीन वर्षांचा असताना. लहानपणी सांगायचे कुत्र्याने खाल्लं, आणि मी त्या कुत्र्यावर वर्षभर रुसलो होतो. आज पहिल्यांदाच डोक्यात आलं — तेव्हा त्यांनी किती दिवस कुणाला सांगितलं नसेल?

फोन ठेवताना म्हणाले, "आई म्हणते सही आधीपेक्षा चांगली आहे. आधीची म्हणजे नुसता आगाऊपणा होता."

चार वर्षांपूर्वीपेक्षा बरं आहे का, ते आज विचारलंच नाही. पहिला रविवार.

२४ ऑक्टोबर

कौंटीचं पत्र आलं. छापील. "आपली सही नोंदीतील सहीशी जुळत नाही." खाली दोन सह्या, पॉलेटची आणि आईची. घरच्या पत्रात आई नावाखाली छोटं फूल काढते. इथे फूल नाही. कौंटीची कर्मचारी, बस्स!

फॉर्मवर एक रकाना: सही बदलण्याचं कारण. मी लिहिलं, उजव्या हाताची तीन बोटं कामावर गेली. आता डाव्याने लिहितो. एवढंच. लिहिलं आणि वाचलं. शाळेत माझा एकही निबंध गुरुजींनी खोडल्याशिवाय राहिला नव्हता. यात खोडण्यासारखं काही नाही.

खाली सही केली. फाटा न काढता.

२५ ऑक्टोबर

फॉर्म टपालात.

३१ ऑक्टोबर

पार्सल. बाबांचे कातडी हातमोजे, जुनेच, तेल लावून मऊ केलेले. उजव्याची तीन बोटं कापून शिवलेली, बुटाच्या जाड दोऱ्याने, दुहेरी टाका. मधल्याला एका पेराची जागा ठेवलीय. चिठ्ठी नाही.

घातला. असा बसला की काय सांगू! रेमीने उलटसुलट करून बघितला. "हे दुकानात मिळत नाही," म्हणाला. मी म्हटलं, "ओहायोत मिळतं."

२ नोव्हेंबर

आवाराच्या मालकाला जाऊन भेटलो. म्हटलं, फाटकावर नको, पाईप चढवायच्या यंत्रावर घ्या. तो म्हणाला, "त्या हाताने?" मी मोजा घालून दांडा धरून दाखवला. दोन्ही बाजूंना फिरवून दाखवला. सोमवारपासून ये म्हणाला. तासाला तीन डॉलर जास्त. रिगएवढे नाहीत. पण बसून नंबर लिहीत राहणं माझ्याच्याने होत नाही, जीव घुसमटतो.

४ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन. आवाज कामाचा, पण आत हसू. "फॉर्म पोचला. ते पाकीट पॉलेटने आणि दुसऱ्या टेबलावरच्या एकीने बघितलं. मी नाही. मी मुद्दाम कॉफी आणायला गेले होते. पुढे गेलंय." मग म्हणाली, "तुझी नवी सही आता नोंदीत आहे. पुन्हा बदलू नकोस, खूप काम पडतं आम्हाला."

मग बाबा आले. घसा खाकरला. आणि म्हणाले तेच, पण चिडवायला नाही. ज्याला खरंच ऐकायचंय तसा माणूस विचारतो, तसं. "टोबी, बरं चाललंय का रे तुझं?"

मी म्हणालो, "सांगतो. मोजून सांगतो."

ते म्हणाले, "हं." या वेळचा "हं" कळला.

६ नोव्हेंबर, मंगळवार

निवडणूक. आई पहाटेपासून ऑफिसात. मी दिवसभर यंत्रावर, दोनशे बारा पाईप चढवले, एकही घसरला नाही. निकाल लागला. रेमी न जेवता झोपायला गेला. उद्या त्याला सॉसेज मी तळून देईन. बाबांना फोन केला तर पहिल्या घंटेलाच उचलला. मग ते म्हणाले, "मोजा कसा आहे?"

"यंत्रावर आहे बाबा. काल लागलो."

"माहितीय. तुझ्या आवाजावरून कळलं."

९ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्तापर्यंत काउंटरवर रोख भरून पाठवत होतो, म्हणजे सही दिसायला नको. आज चेक लिहिला, पहिला. भाडं काढलं, या महिन्याचं नीट जेवण काढलं, आणि मागे जेवढं खरंच माझं उरलं तेवढंच लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात, खाली नवी सही. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पाठवतोय: तीनशे चाळीस डॉलर.